भारतीय नाण्यांवरच्या आणि नोटांवरच्या स्त्रिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाणीसंग्रह करणारे, शाळेचा प्रकल्प करणारे विद्यार्थी, आजीच्या पेटीत जुने रुपये सापडलेले नातू आणि निव्वळ कुतूहलापोटी विचारणारे वाचक, अशा सर्वांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवले आहेत. वाचण्यापूर्वी एक भेद ध्यानात ठेवावा, कारण निम्मे गोंधळ तो न केल्यामुळे होतात: नाण्यावर स्त्रीचा चेहरा असणे, स्त्रीचे नाव असणे, देवीची आकृती असणे आणि कुणी अनामिक स्त्री असणे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

१. भारताच्या कागदी नोटेवर आजवर कोणत्या स्त्रीचे चित्र छापले गेले आहे?

नाव घेऊन सांगता येईल अशा एकाच स्त्रीचे, आणि ती भारतीय नव्हती. १८६१ च्या कागदी चलन कायद्यानंतर सरकारने जी पहिली नोटमालिका काढली, तिच्यावर राणी व्हिक्टोरियाचे छोटे चित्र होते. १०, २०, ५०, १०० आणि १००० रुपयांच्या या नोटा हाताने घडवलेल्या कागदावर एकाच बाजूने छापलेल्या असत आणि त्यांवर दोन भाषांतील मजकुराचे पट्टे असत. त्या काळी टपालाने मोठी रक्कम पाठवताना नोटेचे दोन तुकडे करून एक आधी आणि पोच मिळाल्यावर दुसरा पाठवण्याची पद्धत होती. चोराच्या हाती अर्धी नोट लागली तरी ती कुचकामी ठरावी, हा त्यामागचा हिशोब. बनावट नोटांचा सुळसुळाट झाल्याने ही मालिका मागे घेण्यात आली आणि १८६७ पासून तिच्या जागी आलेल्या नोटांवर राणीचे चित्र राहिले नाही. स्वातंत्र्यानंतरच्या एकाही नोटेवर कोणत्याही ऐतिहासिक स्त्रीचे व्यक्तिचित्र आलेले नाही. अनामिक स्त्री-आकृतींबद्दल प्रश्न १३ पाहावा.

२. स्वतंत्र भारताच्या नाण्यावर चेहरा आलेली पहिली स्त्री कोण?

इंदिरा गांधी. ऑक्टोबर १९८४ मधील त्यांच्या हत्येनंतर १९८५ साली त्यांच्या स्मरणार्थ नाणी काढण्यात आली. त्यांपैकी ५० पैशांचे आणि ५ रुपयांचे नाणे लोकांच्या खिशात पोहोचले, तर २० आणि १०० रुपयांची नाणी संग्राहकांसाठी होती. नाण्यावर त्यांचे मुखचित्र आणि १९१७–१९८४ ही वर्षे आहेत. ज्यांनी ते ५ रुपयांचे नाणे हाताळले आहे त्यांना त्याचे वजन आठवत असेल. साडेबारा ग्रॅमचे, तळहातावर ठेवले की भरल्यासारखे वाटणारे ते नाणे होते. आपल्या परिचयाचे पाच रुपयांचे आटोपशीर जाड नाणे १९९२ पासूनचे, त्यामुळे अनेक घरांत हे पहिलेच ‘पाचाचे नाणे’ ठरले आणि खर्च न होता देवघरात किंवा गल्ल्यात राहून गेले.

३. इंदिरा गांधींनंतर आणखी कोणत्या स्त्रिया नाण्यांवर आल्या?

जवळजवळ पंचवीस वर्षे कोणीही नाही, आणि मग एकामागोमाग एक. २००९ साली केरळच्या संत अल्फोन्सा आणि २०१० साली मदर तेरेसा यांची जन्मशताब्दी नाणी निघाली. या दोघींची पाच रुपयांची नाणी आजही कधीमधी सुट्या पैशांत हाती येतात. त्यानंतर गायिका बेगम अख्तर (२०१४), नागा स्वातंत्र्यसैनिक राणी गाइदिन्ल्यू (२०१५), एम. एस. सुब्बुलक्ष्मी (२०१६), ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातील विजयाराजे (२०२०, शंभर रुपये), संत मीराबाई (२०२३, ५२५ रुपये) आणि अहिल्याबाई होळकर (२०२५, ३०० रुपये) यांची नाणी आली. ५२५ आणि ३०० हे विचित्र वाटणारे आकडे जयंतीच्या वर्षांवरून घेतलेले आहेत. मीराबाईंची ५२५ वी आणि अहिल्याबाईंची ३०० वी जयंती, म्हणून ती मूल्ये. ही यादी महत्त्वाच्या नाण्यांची आहे, दर वर्षी निघणाऱ्या प्रत्येक स्मारक नाण्याची नाही.

यात मला खटकणारी गोष्ट अशी की जसजशी नावे वाढत गेली तसतशी नाणी लोकांपासून दूर गेली. इंदिरा गांधींचे नाणे भाजीवालीच्या हातात होते, पण अहिल्याबाईंचे नाणे मखमली डबीत मिळते.

४. १९८५ पूर्वी नाण्यांवर स्त्रीचे चित्रच नव्हते का?

होते, पण तिला नाव नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या कार्यक्रमाला धरून सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत भारताने बरीच नाणी काढली. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात ‘समानता, विकास, शांती’ या घोषवाक्याची नाणी निघाली आणि १९८० मध्ये ‘ग्रामीण महिलांची प्रगती’ या विषयावर १० पैसे, २५ पैसे, १० रुपये आणि १०० रुपयांची. या १९८० च्या नाण्यावर धान्य दळायला बसलेली खेड्यातील बाई दिसते. प्रगतीचे चित्र काढायचे ठरल्यावर चित्रकाराला जातेच आठवावे, हे पाहून ओवीतल्या बाया हसल्या असत्या. पुढे १९९० मध्ये सार्क संघटनेच्या बालिका वर्षाचे एक रुपयाचे आणि १९९६ मध्ये मातेच्या आरोग्यातून बालकाचे आरोग्य या आशयाचे पाच रुपयांचे नाणे निघाले.

५. ‘राणीछाप रुपया’ म्हणजे नेमके कोणते नाणे? आमच्याकडे दोन आहेत आणि दोन्हींवरची राणी वेगळी दिसते.

राणी व्हिक्टोरियाचा चेहरा असलेला चांदीचा रुपया. दोन्ही राण्या एकच आहेत, वय वेगळे आहे. व्हिक्टोरिया १८३७ मध्ये गादीवर आली, तरी हिंदुस्थानात १८४० पर्यंत चौथ्या विल्यमचेच, १८३५ साल कोरलेले रुपये पडत राहिले. १८४० च्या रुपयावर मुकुट नसलेली, केस बांधलेली तरुण राणी आहे आणि मागे पानांच्या वेढ्यात ‘एक रुपया’ असे इंग्रजी व फारसी अक्षरांत लिहून भोवती ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आहे. या १८४० च्या नाण्याचे दोन मुख्य प्रकार संग्राहक मानतात: एकात राणीच्या डोक्यावरून ‘व्हिक्टोरिया क्वीन’ ही अक्षरे सलग जातात, तर दुसऱ्यात ती डोक्याच्या दोन्ही बाजूंना विभागलेली आहेत.

१८५८ मध्ये कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले आणि १८६२ पासून नवा छाप सुरू झाला. त्यात मुकुट घातलेली, नक्षीदार पोशाखातली पोक्त राणी आहे आणि कंपनीचे नाव गेलेले आहे. येथे अनेक जण फसतात. १८६२ हे साल कोरलेले रुपये प्रत्यक्षात १८७४ पर्यंत पाडले जात होते, साल बदलले जात नव्हते, आणि मुंबईच्या टांकसाळीने पाडलेल्या काही रुपयांवर मागच्या बाजूला बारीक ठिपके देऊन वर्ष सुचवले जात असे. म्हणून १८६२ चा रुपया १८६२ मध्येच पडला असे गृहीत धरू नये. भिंग घेऊन ते ठिपके मोजणे हा या छंदातला एक वेगळाच आनंद आहे.

१८७७ पासून ‘क्वीन’ जाऊन ‘एम्प्रेस’ म्हणजे सम्राज्ञी हा शब्द आला आणि तो १९०१ च्या नाण्यांपर्यंत टिकला. या सर्व रुपयांचे वजन १८० ग्रेन म्हणजे ११.६६ ग्रॅम असून बारा भागांत अकरा भाग चांदी आहे. १८० ग्रेन म्हणजेच एक तोळा, आणि म्हणूनच जुन्या पिढीतले सोनार तराजूच्या एका पारड्यात सरळ राणीछाप ठेवून सोने तोलत असत.

६. एलिझाबेथ राणीचे भारतीय नाणे आहे का?

नाही. ब्रिटिश राज्यकर्त्यांपैकी शेवटचा चेहरा सहाव्या जॉर्जचा होता, १९५० मध्ये भारत प्रजासत्ताक झाला आणि एलिझाबेथ १९५२ मध्ये गादीवर आली. तसे नाणे दाखवले गेल्यास ते दुसऱ्या देशाचे असते.

७. आमच्या नाण्यावर एका बाजूला व्हिक्टोरिया आणि दुसऱ्या बाजूला ‘देवास’ असे लिहिले आहे. हे खरे आहे का?

खरे असू शकते. १८७६ च्या संस्थानी नाण्यांविषयीच्या कायद्यानुसार काही संस्थानांनी आपली नाणी ब्रिटिश टांकसाळीत पाडून घेण्याचे मान्य केले. अट अशी की दर्शनी बाजूला राणी राहील आणि संस्थानाचे नाव मागे जाईल. अलवार आणि बिकानेरचे चांदीचे रुपये असे आहेत. मराठी वाचकांना जवळची दोन उदाहरणे म्हणजे पवारांची धार आणि देवास ही संस्थाने. धारची १८८७ ची आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातींची १८८८ ची तांब्याची लहान नाणी याच पद्धतीची आहेत. पेशवाईतल्या सरदारांच्या वंशजांचे नाव राणीच्या पाठीमागे गेले, ही राजकीय वस्तुस्थिती त्या पावआण्याएवढ्या नाण्यावर जितकी स्पष्ट दिसते तितकी करारनाम्यातही दिसत नाही.

कच्छ संस्थानाच्या कोरी या नाण्यावर मात्र व्हिक्टोरियाचे केवळ नाव फारसी अक्षरांत येते, चेहरा येत नाही.

८. गोव्याच्या जुन्या रुपियावर कुठली राणी आहे?

पोर्तुगालची. गोव्याच्या टांकसाळीने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मारिया पहिली आणि एकोणिसाव्या शतकात मारिया दुसरी या राण्यांच्या चेहऱ्याचे रुपिया पाडले. म्हणजे कोकणपट्टीतल्या माणसाने नाण्यावर युरोपीय राणीचा चेहरा व्हिक्टोरियाच्या कितीतरी आधी पाहिला होता. ही नाणी ओबडधोबड साच्यांतून निघालेली असल्याने राणीचा चेहरा बऱ्याचदा ओळखू येत नाही. तो दोष नाण्याच्या झिजेचा नसून साच्याचा असतो.

९. भारतीय नाण्यांवर स्त्री सर्वांत आधी केव्हा दिसते?

प्रश्न चेहऱ्याचा असेल तर वायव्य भारतातील इंडो-ग्रीक राणी अगाथोक्लिया हिच्यापासून सुरुवात करावी लागते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील तिच्या काही नाण्यांवर ती आणि स्ट्रॅटो (तो तिचा मुलगा मानला जातो) यांचे चेहरे एकाला एक लागून कोरलेले आहेत. लेख एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत आहे. तिच्या नावामागे ‘राणी’ ही पदवी येते.

प्रश्न नावाचा असेल तर महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे उदाहरण सातवाहन राणी नागनिकेचे आहे. सातकर्णी आणि नागनिका या दोघांची नावे असलेले चांदीचे नाणे उपलब्ध आहे. त्यावर तिचा चेहरा नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात तिच्या यज्ञांचा आणि दक्षिणेदाखल दिलेल्या हजारो कार्षापणांचा (त्या काळच्या नाण्यांचा) हिशोब कोरलेला आहे, म्हणजे नाण्यांशी तिचा संबंध दोन्हीकडून येतो. त्याच लेण्याच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या आणि प्रत्येकीच्या वर नाव कोरले होते. आज नावे वाचता येतात, पण मूर्तींची मात्र जेमतेम पावले उरली आहेत. घाट चढून घामाघूम होऊन तिथे पोहोचल्यावर राणीच्या नावाखाली फक्त दगडातली पावले दिसतात, तेव्हा नाण्यावरही नावच का आले याची चुटपुट लागून राहते.

नाव आणि आकृती दोन्ही हवी असेल तर चौथ्या शतकातील गुप्तांचे ‘राजा-राणी’ प्रकारचे सोन्याचे नाणे पाहावे. त्यावर पहिला चंद्रगुप्त आणि कुमारदेवी समोरासमोर उभे आहेत, राजा राणीला काहीतरी देत आहे (कोणी ती अंगठी मानतात, कोणी सिंदूर), दोघांची नावे बाजूला आहेत आणि मागे सिंहावर बसलेल्या देवीशेजारी ‘लिच्छवयः’ असे राणीच्या माहेरच्या कुळाचे नाव आहे. सासरच्या नाण्यावर माहेरचे नाव, तेही राजाच्या संमतीने! हे नाणे चंद्रगुप्ताने स्वतः काढले की मुलगा समुद्रगुप्ताने आईवडिलांच्या स्मरणार्थ, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काश्मीरची राणी दिद्दा आणि चौहान राजा अजयराज याची राणी सोमलदेवी याही स्वतःच्या नावाच्या नाण्यांसाठी प्रसिद्ध आहेत.

१०. गुप्तांच्या आणि नंतरच्या नाण्यांवर बसलेली बाई ही राणी आहे की लक्ष्मी?

बहुतेक वेळा देवी. कुषाणांच्या नाण्यांवर अर्दोक्षो नावाची, हातात समृद्धीचे शिंग घेतलेली देवी बसलेली दिसते. गुप्तांनी तोच साचा उचलला आणि हळूहळू शिंगाच्या जागी कमळ येऊन ती लक्ष्मी झाली. पुढे कलचुरी राजा गांगेयदेवाने बैठ्या लक्ष्मीचे नाणे लोकप्रिय केले आणि उत्तरेतील अनेक घराण्यांनी त्याची नक्कल केली.

या साखळीचा शेवट मात्र बहुतेकांना ठाऊक नसतो. मुहम्मद घोरीने उत्तर भारत जिंकल्यावर काढलेल्या सोन्याच्या नाण्यावरही हीच बैठी लक्ष्मी आहे आणि मागे नागरी अक्षरांत ‘श्री महमद बिनि साम’ असे त्याचे नाव आहे. बाजारात जे नाणे चालते तेच चालवावे, या शहाणपणापुढे धर्म आणि विजय दोन्ही गप्प बसले.

११. रझिया सुलतान आणि नूरजहाँ यांच्या नाण्यांवर त्यांचे चेहरे आहेत का?

नाहीत. सुलतानी आणि मोगल नाण्यांवर सामान्यतः लेखच असतो, चेहरा नसतो, आणि हा नियम राजांनाही लागू होता. रझियाने १२३६ ते १२४० या काळात आधी वडील इल्तुतमिश यांच्या नावासह आणि पुढे स्वतःच्या नावाने नाणी पाडली. एकोणिसाव्या शतकात भोपाळच्या बेगमांनी राज्य केले, तरी त्यांच्याही नाण्यांवर केवळ अक्षरेच आहेत.

नूरजहाँचे प्रकरण अधिक रंजक आहे. जहांगीरच्या अखेरच्या वर्षांत, साधारण १६२४ ते १६२७ मध्ये, आग्रा, लाहोर, सुरत, अहमदाबाद अशा टांकसाळींतून तिच्या नावाची नाणी निघाली. त्यांवर फारसी दोनओळी आहे. तिचा आशय असा की शहा जहांगीरच्या हुकमाने आणि नूरजहाँ बादशहा बेगमेच्या नावाने सोन्याला शंभरपट शोभा आली. जहांगीर गेल्यावर शहाजहानने ही नाणी परत मागवली, त्यामुळे ती आज दुर्मिळ आहेत. आणि चेहऱ्याच्या नियमाला एक ठळक अपवादही जहांगीरचाच. त्याच्या राशींच्या प्रसिद्ध नाण्यांत कन्या राशीसाठी स्त्रीची आकृती कोरलेली आहे. ती नूरजहाँ असल्याच्या गोष्टी ऐकू येतात, पण ती रास आहे, राणी नव्हे.

१२. अहिल्याबाईंनी स्वतःच्या चेहऱ्याचे नाणे पाडले होते का?

नाही, आणि तसे करणे त्यांच्या काळाच्या रीतीतही बसणारे नव्हते. मराठी सरदारांची नाणी मोगल बादशहाच्या, म्हणजे त्या काळी शहा आलमच्या, नावानेच पडत असत आणि टांकसाळ ओळखायची ती खुणांवरून. होळकरांच्या मल्हारनगरच्या नाण्यांवर सूर्यमुख दिसते, तर अहिल्याबाईंच्या काळातील महेश्वरच्या नाण्यांवर बेलपान आणि शिवलिंग. त्या अर्थाने बेलपान हीच त्यांची सही मानावी. त्यांचा चेहरा नाण्यावर आला तो २०२५ मध्ये (प्रश्न ३).

१३. नोटांवर एकही स्त्री नाही असे म्हणता, मग जुन्या पाचशेच्या नोटेवरच्या मिरवणुकीतल्या बायका कोण?

ते दिल्लीतील ‘ग्यारह मूर्ती’ या दांडीयात्रेवरील शिल्पसमूहाचे चित्र आहे. शिल्पकार देवीप्रसाद रायचौधरी यांनी घडवलेल्या या समूहात गांधीजींच्या मागे चालणाऱ्यांत स्त्री-आकृतीही आहेत आणि त्यांत मातंगिनी हाझरा व सरोजिनी नायडू यांची आठवण ठेवलेली आहे, असे सांगितले जाते. नोट मात्र कोणाचेही नाव सांगत नाही. इतिहासाची एक गंमतही येथे आहे. मार्च १९३० मध्ये साबरमतीहून दांडीकडे गांधीजींबरोबर निघालेल्या तुकडीत एकही स्त्री नव्हती, आणि स्त्रियांनी त्याबद्दल तेव्हाच नाराजी व्यक्त केली होती. शिल्पाने जे दुरुस्त केले ते नोटेवर आले.

अशा आडवाटेने आलेले दुसरे उदाहरण आज आपल्या सर्वांच्या पाकिटात आहे. २०१८ पासूनच्या जांभळट शंभराच्या नोटेच्या मागे गुजरातमधील पाटणची ‘रानी की वाव’ आहे. ही विहीर राणी उदयमतीने पती भीमदेव पहिला याच्या स्मरणार्थ अकराव्या शतकात बांधवली. राजाने राणीसाठी बांधलेल्या इमारतीचे कौतुक जगभर होते, परंतु राणीने राजासाठी बांधलेल्या या इमारतीवरून आपण रोज अंगठा फिरवतो आणि बहुतेकांना तिचे नाव माहीत नसते.

१४. भारतीय नोटेवर कधी स्त्रीची सही आली आहे का?

रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर गव्हर्नरची सही असते आणि आजवर त्या पदावर एकही स्त्री आलेली नाही. एक रुपयाची नोट मात्र भारत सरकारची असून तिच्यावर अर्थ सचिवाची सही असते. सुषमा नाथ या २०११ मध्ये देशाच्या पहिल्या महिला अर्थ सचिव झाल्या, पण एक रुपयाच्या नोटेची छपाई १९९४ मध्ये थांबली होती आणि ती पुन्हा सुरू झाली २०१५ मध्ये. संधी बरोबर त्या मधल्या फटीत निसटली.

१५. सावित्रीबाई फुल्यांचे चित्र नोटेवर यावे यासाठी अर्ज कुठे करावा?

नोटेचे स्वरूप रिझर्व्ह बँक कायदा, १९३४ च्या कलम २५ नुसार ठरते. त्यानुसार बँकेचे मध्यवर्ती मंडळ शिफारस करते आणि केंद्र सरकार मंजुरी देते. नाण्यांचा विषय मात्र पूर्णपणे केंद्र सरकारचा असून तो नाणी कायदा, २०११ खाली येतो. म्हणून नाण्याची मागणी करायची असेल तर अर्थ मंत्रालयाकडे करावी. व्यवहारात नाण्याची वाट कितीतरी सोपी आहे, कारण स्मारक नाणे एका जयंतीपुरते काढता येते, तर नोट बदलायची म्हणजे संपूर्ण मालिकेचा विचार करावा लागतो. १९९६ च्या मालिकेपासून रिझर्व्ह बँकेच्या सर्व नोटांवर महात्मा गांधींचेच चित्र आहे, आणि त्याआधी अशोकस्तंभाचे प्राबल्य होते, त्यामुळे ‘स्त्रीला वगळले’ असे म्हणण्यापेक्षा ‘गांधीजींखेरीज सर्वांनाच वगळले’ असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. सावित्रीबाईंच्या सन्मानार्थ टपाल खात्याने १९९८ मध्ये तिकीट काढले होते. अनेक जण त्यालाच ‘नोट’ समजून त्याचे छायाचित्र पाठवतात.

१६. वैष्णोदेवीचे नाणे लाखो रुपयांना विकले जाते हे खरे आहे का?

नाही. २०१२ मध्ये श्री माता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ५ आणि १० रुपयांची नाणी चलनात आली आणि ती मोठ्या संख्येने आहेत. ‘देवीचे नाणे द्या आणि लखपती व्हा’ अशा जाहिराती सहसा नोंदणी शुल्क किंवा कराच्या नावाखाली आधी तुमच्याकडूनच पैसे काढतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की आपल्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांची खरेदी-विक्री करण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही आणि बँक अशा व्यवहारांत पडत नाही. आपले नाणे पाच रुपयांना चालते, एवढी खात्री बाळगावी.

१७. यांपैकी कोणती नाणी दुकानात चालतात?

३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालील नाणी चलनातून रद्द झाली, म्हणून १९८० ची दळणारी बाई १० आणि २५ पैशांवर आता केवळ संग्रहापुरती उरली आहे. इंदिरा गांधींचे ५० पैसे मात्र कायद्याने अजूनही चलन आहे. दुकानदार घेत नाही ही गोष्ट वेगळी. कायद्यानुसार पन्नास पैशांच्या नाण्यांत १० रुपयांपर्यंत आणि एक रुपया व त्यावरील नाण्यांत १००० रुपयांपर्यंतची रक्कम वैधपणे चुकती करता येते. शंभर, तीनशे किंवा ५२५ रुपयांची नाणी दर्शनी मूल्यापेक्षा बऱ्याच अधिक किमतीला विकली जातात, त्यामुळे ती घेऊन किराणा आणायला कोणी जात नाही. ती सरकारी टांकसाळीकडे मागणी नोंदवून मिळतात. त्यांपैकी बरीच ४४ मिलिमीटर व्यासाची, ३५ ग्रॅम वजनाची आणि निम्मी चांदी असलेली असतात.

१८. २०२५ च्या शंभर रुपयांच्या नाण्यावरील भारतमाता ही कितव्या प्रकारात मोडते?

ऑक्टोबर २०२५ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शताब्दीनिमित्त निघालेल्या नाण्यावर सिंहासह वरद मुद्रेतील भारतमाता आणि तिला वंदन करणारे स्वयंसेवक आहेत. ती ऐतिहासिक व्यक्ती नाही, म्हणून प्रश्न २ आणि ३ च्या यादीत ती घेतलेली नाही. वर्गीकरण करायचेच झाले तर ती प्रश्न १० मधील देवींच्या जवळची आहे.

१९. पुतळी माळेतल्या नाण्यांवर लक्ष्मी असते ना?

आज घडवल्या जाणाऱ्या पुतळ्यांवर असते, मुळात नव्हती. पुतळी माळेचा उगम व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांत आहे. ती नाणी व्यापाराबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि सोन्याच्या शुद्धतेमुळे दागिन्यांत गेली. त्यांवर संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती, अशा दोन पुरुषांच्या आकृती आहेत. आकृती आहेत म्हणून ती ‘पुतळी’. आपल्याकडच्या कारागिरांनी नक्कल करताना त्या परक्या दाढीवाल्यांचे देव आणि देवी केले.

२०. शेतात नांगरताना राणीछाप रुपयांचा हंडा सापडला तर ते आमचेच ना?

लगेच तसे धरू नये. १८७८ च्या निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. लपवले तर हक्क तर जातोच, शिवाय गुन्हाही ठरतो. घरात वारसाने आलेली नाणी ठेवण्यास हरकत नाही, परंतु शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येत असल्याने ती परदेशी नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या मुलीला आजीचे राणीछाप ‘आठवण म्हणून’ पाठवू इच्छिणाऱ्या वाचकांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

२१. काळे पडलेले राणीछाप कसे स्वच्छ करावे?

करू नये. लहानपणी मी दिवाळीच्या आधी आजीच्या पेटीतले सात रुपये चिंचेचा कोळ आणि राख लावून लख्ख घासले होते. आजी खूश झाली आणि राणीच्या केसांची वळणे कायमची गेली. चांदीवरचा काळसर थर नाण्याचे रक्षण करतो आणि संग्राहक त्यालाच किंमत देतात. माती लागली असेल तर साध्या पाण्याने धुऊन, न घासता, मऊ कापडावर वाळू द्यावे. मागे कडी डाखलेली असेल तर ती काढण्याचा प्रयत्नही करू नये.

२२. ईस्ट इंडिया कंपनीचे १८१८ सालचे, सीता किंवा लक्ष्मी असलेले नाणे आमच्याकडे आहे. कंपनीने देवीची नाणी पाडली होती का?

पितळेचे किंवा तांब्याचे, एका बाजूला रामदरबार किंवा लक्ष्मी आणि दुसऱ्या बाजूला कंपनीचे नाव व १६१६, १७१७, १८१८ असे सहज लक्षात राहणारे साल, अशा वर्णनाची वस्तू असेल तर ती कंपनीची नाही. अलीकडच्या काळात यात्रेकरूंसाठी आणि भोळ्या गिऱ्हाइकांसाठी पाडलेले ते बिल्ले आहेत. तांदूळ खेचणारे किंवा वीज पडलेले ‘चमत्कारी’ नाणे म्हणून विकले जाते तेही हेच.

तरीही ‘कंपनीने देवीची नाणी कधीच पाडली नाहीत’ असे ठोकून देऊ नये. मद्रासच्या टांकसाळीत कंपनीने दक्षिणेच्या चालीप्रमाणे सोन्याचे होन पाडले. त्यांतल्या ‘तीन स्वामी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होनावर मध्ये विष्णू आणि दोन्ही बाजूंना श्रीदेवी व भूदेवी अशा तीन आकृती आहेत. हे नाणे जेमतेम बोटाच्या नखाएवढे असते, त्यावर इंग्रजी अक्षर नसते आणि सालही नसते. म्हणून तुमच्या देवीच्या नाण्यावर कंपनीचे नाव ठळक इंग्रजीत लिहिलेले असेल, तर तेवढ्यावरूनच ते बाजूला ठेवावे.